शिरवळ, सासवड, भोर

नाना पेठेत, पहिल्याच रविवारी,
दस्तगीर शिकलगारनं माझ्या हातातला पाना काढून घेतला
आणि शिंप्याची टेप दिली.
"डोक्यापासून दारांपर्यंत मोजा."
उजवं दार ब्याण्णव. डावं एकशे एकतीस.
"जवळचा उतावळा असतो, साहेब.
त्याला थोपवून धरा लांबचा येईस्तोवर.
एक मिलिसेकंद, वर चिमूटभर."
मी आजवर लांबच्यावरच ओरडत आलो होतो.

पुढच्या खेपेला दाराचं पॅनेल उतरवलं.
खडखडत होती ती हेअरपिन,
गाडीच्या आधीच्या मालकिणीची, किंवा तिच्याही आधीच्या.
आणि एक वायर उलटी.
एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे सरायचा,
दोघं मिळून ढोल गिळत होते
आणि मी चार महिने
आवाज वाढवत होतो.

गाणं लावायचं नाही, म्हणाला, गाण्यात माणूस वाहवतो.
त्याची बहीण शमीम स्वारगेटला एसटी पुकारायची,
तिची यादी पेनड्राइव्हवर भरून दिली:
शिरवळ. सासवड. सांगोला.
'स' कानाला टोचला, तर सहा हजारांपाशी खाली घ्या.
भोर. घोडेगाव. भीमाशंकर.
'घ' माठातून आला, तर अडीचशे उतरवा.
"चढवू काहीच नका.
जास्त झालंय तेवढं काढा. कमी पडलेलं आपसूक वर येतं."

रात्री धायरीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, काचा चढवून बसायचो.
वॉचमन एकदा वाकून बघून गेला.
"साहेब, कुठं निघालात?"
"भोरला," म्हटलं.
तो बराच वेळ गेट उघडून उभा होता.

मग एका पहाटे, तळजईवर,
(पुण्यात शांतता साडेचार ते सव्वापाच असते)
शमीम दारांतून बाहेर आली
आणि समोरच्या काचेपाशी उभी राहिली,
पार्किंगच्या स्टिकरच्या जरा खाली.
ओठ कुठे असतील तेही सांगता आलं असतं.

रविवारी ऋजुताला घेऊन गेलो. डाव्या सीटवर बसवली.
"कशी आहे?"
"कोण? मला तर नुसतं दार बोलतंय, बाबा."

खरंच होतं. मी एकच डोकं मोजलं होतं.

जागा बदलल्या.
तिनं सीट चार बोटं पुढे ओढली,
म्हणजे माप गेलंच; मी काही बोललो नाही.
लावलं.
माझ्या डाव्या कानाशी दार म्हणालं, सासवड.
दार म्हणालं, सांगोला.
प्लॅस्टिक, जाळी, चार स्क्रू, बाकी काही नाही.

तिनं मात्र मान वर केली,
स्टिकरच्या जरा खाली बघितलं
आणि कुणीतरी आधीच उभं असलेल्या खोलीत शिरल्यावर
आपण हात लावतो तसा
ओढणीला हात लावला.