मागणी क्रमांक दोनशे सतरा

अलकापुरीत तिसऱ्या मजल्यावर बसते मी,
यंत्रांच्या बातम्या देणाऱ्या एका छोट्या कचेरीत.
सकाळी सातला अंक जातो लोकांच्या मोबाइलवर:
कुठला लेथ नवा, कुठली मोटर वीज कमी खाते,
कुठल्या बेअरिंगनं कुठे दगा दिला.
बातम्या लिहितात दुसरे.
मी वाचते ते, जे लोक उलट लिहून पाठवतात.

आईला वाटतं, मी पत्रकार आहे.
दांडिया बाजारात सगळ्यांना तसंच सांगते ती.
मीही दुरुस्त करत नाही.

तक्त्यात चार रकाने: मागणी, कारण, मतं, स्थिती.
काळी पार्श्वभूमी हवी, रात्री डोळे चुरचुरतात. मतं चारशे बारा.
अक्षर मोठं करा. मतं तीनशे.
जुना पिवळा रंग परत आणा, यालाही एकोणनव्वद जण,
आणि पिवळा होता तेव्हा याच लोकांनी
हळद सांडली का, म्हणून विचारलं होतं.

रावपुऱ्यातले दिघे, बॉयलर तपासायचे, आता निवृत्त:
वाचलेल्या बातमीवर खूण उमटू द्या.
मी तीच बातमी तीनदा वाचतो
आणि तिन्ही वेळा बायकोला हाक मारून सांगतो.
ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकते.
हे मला परवा कळलं.

आता हे तक्त्यात कसं मांडायचं?
कारण: सोय.

मग मकरपुऱ्याहून हे:
"पुढचं बटण डाव्या बाजूला पण द्या.
जमणा अंगठा प्रेसमध्ये गेला."
जमणा म्हणजे उजवा. जेवायचा हात.
हसमुख पंचाल, दुसरी पाळी.
मतं: एक.

सोमवारच्या बैठकीत मेहुलभाई म्हणाले,
एका माणसासाठी अख्खं घर फिरवायचं का?
चुकीचं काही बोलले नाहीत.
चारशे बारा कुठे आणि एक कुठे,
पहिलीतल्या पोरालाही कळतं.
मी मान डोलावली. चहा प्यायले.

संध्याकाळी फतेगंजच्या सिग्नलला, रिक्षात,
उजवा अंगठा मुठीत दाबून धरला
आणि आपलाच अंक उघडला.
डावा पोचेना.
ताणला, तर फोन मांडीवरून घसरून पायात.
रिक्षावाला आरशातून बघत होता.
मी मूठ उघडली.
मला उघडता येत होती.

बटणं-बिटणं निनाद शिर्के बघतो.
"बाराच ओळी आहेत," तो म्हणाला. "मंजुरी?"
मी काही बोलले नाही.
त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही,
एका हातानं थेपला खात एका हातानं लिहून टाकलं.
गुरुवारी बटण दोन्हीकडे होतं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
म्हणजे तिघांच्या आलं. तिघांनी तक्रार केली.

वीस दिवस पंचाल गप्प.
आभार असा रकाना आमच्याकडे नाहीच,
मी काही वाट पाहत नव्हते,
असं रोज तक्ता उघडताना मनाशी म्हणायचे.

काल आलं:
"बटण बरोबर आहे.
मंगळवारी तुम्ही नव्या प्रेसची बातमी दिली,
हात आत असला तर ती खाली येतच नाही म्हणे.
शेठला दाखवली.
शेठ किंमत विचारतो.
तुम्ही किंमत का नाही लिहीत?"

मी वर्षभराचे अंक चाळले.
वजन आहे, वेग आहे,
जर्मनीतल्या कुठल्या गावी बनते तेही आहे.

नवी ओळ घातली.
मागणी: किंमत लिहा.
कारणाच्या रकान्यात त्याचंच लिहिणं
जसंच्या तसं डकवलं,
तर ती ओळ एवढी फुगली
की खालच्या सगळ्या मागण्या पडद्याबाहेर गेल्या.
राहू दिलं.

मतं:
बोट जरा थांबलं.
दोन, असं लिहिलं.