माइक वगळून

लुथुली अव्हेन्यू, दुसरा मजला.
अब्दिरशीदचं दुकान जेमतेम दीड माणूस मावेल एवढं.
आई काउंटरला टेकून,
मी तिच्या डाव्या अंगाला, नेहमीच्या जागी.
पाचव्या वर्षापासून तिथेच उभा राहत आलोय,
तिचा आवाज म्हणून.

"व्लॉगसाठी ना? मग सुरुवात आवाजापासून करा,"
अब्दिरशीद म्हणाला, आणि लोकरी टोपी घातलेला माइक
एखादं पिल्लू ठेवावं तसा काचेवर ठेवला.
"चित्र हललं तर लोक चालवून घेतात.
आवाज फाटला की उठून जातात."
मी वळलो, हातांनी सांगितलं.
आई इतकी हसली
की शेजारचा रेडिओवाला कामावरून मान काढून बघायला लागला.

मग तिने तिचं मागणं मांडलं, मी बोलत गेलो:
शिलाई मशीन कशी उघडायची, कशी पुन्हा लावायची,
हे दाखवायचंय तिला
माचाकोसपासून किसुमूपर्यंतच्या
हातांनी बोलणाऱ्या पोरींना.
तेव्हा चौकट हवी कमरेपासून डोक्यावर वीतभर.
बोटं झरझर चालतात, त्यांना धुराची शेपटी नको.
स्क्रीन बाजूला उघडणारा हवा,
कोपर चौकटीबाहेर गेलं तर तिचं तिला कळावं.

पहिला कॅमेरा चेहऱ्याला चिकटून बसला.
हात पुढे आले की नुसता लोण्याचा गोळा.
दुसरा हातांमागे धावला, चेहरा विसरला.
आईने मान हलवली.
"भुवया पुसल्या तर प्रश्नच पुसला," मी म्हणालो,
"आमच्याकडे प्रश्नचिन्ह कपाळावर असतं."

अब्दिरशीद गप्प झाला.
आतून एक जुना कॅमेरा घेऊन आला,
कोपरे झिजलेला, कुण्या लग्नवाल्याने विकलेला.
आईला खिडकीपाशी उजेडात उभं केलं,
काहीतरी मागे-पुढे फिरवलं,
आणि हातानेच खूण केली: बोला.

नेमका तेव्हा माझा फोन वाजला.
मोंबासाचं बंदर. नोकरी पक्की. सोमवारी हजर व्हा.
जिन्यात उभा राहून मी हो-हो केलं,
परत आलो तर दोघं कॅल्क्युलेटरवर वाकलेले:
तो आकडा लिही, ती खोडी,
तो छातीवर हात ठेवी, ती पुन्हा खोडी.
एकतीस हजार शिलिंगांवर दोघं थांबले.
पावतीवर तिने स्वतःच लिहिलं: न्झिलानी, मशीन दुरुस्ती.
कुणी माझ्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळच्या मटाटूत
तिने कॅमेरा माझ्या हातात दिला. बघ.

खिडकीचा उजेड. ती. दोन्ही हात, दोन्ही भुवया,
सगळं धारदार.
"हा माझा मुलगा," जिन्याच्या दिशेने बोट,
"चांगला बोलतो. पण कापतो.
बँकेतला तो माणूस मला काय काय म्हणाला,
आणि याने मला सांगितलं: उद्या या म्हणतायत.
नऊ वर्षांचा होता.
त्या माणसाचं तोंड मला दिसत होतं की."
क्षणभर हात थांबले.
"असो. आता बॉबिन."
पुढची दोन मिनिटं नुसती बॉबिन:
धागा कुठून घ्यायचा, स्क्रू किती फिरवायचा,
ताण बोटाला कसा कळतो.

मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.
तिच्या डाव्या अंगाला रिकामे खोके होते.

माइक आम्ही घेतला नाही,
त्याची लोकरी टोपी मात्र अब्दिरशीदने फुकट दिली.
दिवे लागलेला रस्ता मागे पळत होता,
आणि आई ती टोपी मांडीवर घेऊन
पर्समधल्या सुया एकेक करून
तिच्यात खोचत बसली होती.