ताळा

कुतैसीच्या बाजारात, पनीरवाल्या बायकांच्या रांगेपलीकडे,
वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या इरोदीच्या टपरीला टेकून
माझं घडीचं टेबल. पुठ्ठ्यावर दोनच शब्द:
गणित विचारा.
दर लिहिलेला नाही. कुणी मूठभर अक्रोड ठेवतं,
कुणी नुसतं "बरं" म्हणून चालू लागतं.

तीस टक्के सूट, वर आणखी वीस,
म्हणजे बूट निम्म्यात ना, त्सियाला मास्तरीण?
नाही गं. शंभराचे छप्पन्न.
ती आधी दुकानदाराला शिव्या देते, मग मला.

टॅक्सीवाला कर्जाचा कागद पसरतो.
महिन्याला तीन टक्के, वर्षाला छत्तीस.
मी मांडून दाखवते, व्याजावर व्याज,
बेचाळीस, आणि थोडं वर.
तो त्या थोड्या वरकडेच
बराच वेळ बघत बसतो.

शाळेतून परस्पर येतो त्सोत्ने, दप्तर न उतरवता.
उणे गुणिले उणे अधिक का?
सर म्हणतात, नियम आहे.
गुरुवारी ये, मी म्हणते. नियमाचं घर दाखवते.
(खरं तर मलाच एक रात्र हवी होती.
छत्तीस वर्षं मीही नियमच सांगत आले.)

त्याच गडबडीत आला जुम्बेर, तेर्जोलाकडचा,
हातात काळपट काठी, तिला वाईनचा वास.
जमिनीत मानेपर्यंत पुरलेल्या रांजणात
आज्यानं बुडवायची, मग बापानं, आता यानं.
अर्धी काठी भिजली, तर अर्धी वाईन उरली ना?
आज्याच्या खाचा बघा, कुठे लांब, कुठे दाट,
पिऊनच पाडल्या असणार.
रंधा मारतो, सारख्या अंतरावर नव्या पाडतो.
मी कांदे निवडत होते. मान वर न करता म्हटलं,
हो. अर्धी म्हणजे अर्धी.

रात्री उकडलेलं अंडं सोलताना
हात थांबला.
निमुळतं टोक खाली. पोट वर.
सुरीनं बरोबर मधोमध कापलं
आणि दोन तुकडे बशीत ठेवले शेजारी-शेजारी.
आंधळ्यालाही दिसलं असतं.

आज्या प्यायलेला नव्हता.
दर दहा बादल्यांना एक खाच:
बुडाशी लांब, पोटाशी दाट, गळ्याशी पुन्हा लांब.
रांजणाचा आकार त्यानं लाकडात लिहून ठेवला होता,
आणि मी, पदक मिळालेली शिक्षिका,
हातचा विसरले.

पहिल्या मिनीबसनं गेले. चिखल, कुत्री, फाटक.
ओट्यावर लाकडाचा भुसा पाहिला आणि कळलं.
काठी गोरी, गुळगुळीत.
वरच्या तीन खाचा तेवढ्या उरलेल्या.
माझं चुकलं, मी म्हणाले.
वर्गात हे वाक्य मी मुलांकडून
किती वेळा म्हणवून घेतलं असेल.
जुम्बेर काही बोलला नाही.
बायको आतून म्हणाली, चार विसा वर्षांची काठी होती ती.
आमच्यात ऐंशीला असंच म्हणतात. तरी त्या दिवशी
एकेक वीस वेगळा ऐकू आला.

मग तो उठला, बादली घेऊन आला.
मोजून काढू, म्हणाला. दर दहाला एक खाच.
मी म्हटलं, एवढी वाईन एका दिवसात कोण पिणार?
एका दिवसात कोण म्हणतंय? पोरीचं लग्न आहे,
मग ईस्टर, मग कुणी ना कुणी मरेलच.
खिशातला चाकू त्यानं माझ्याच हातात दिला.

गुरुवारी त्सोत्ने आला. उणे-उणेच्या आधी
मी त्याला काठीची गोष्ट सांगितली,
माझ्या "हो"सकट.
त्यानं कपाळावरचे केस मागे सारले.
म्हणजे सगळ्यात खालची खाच
रांजण पार रिकामा झाल्यावरच पाडता येणार?
हो, मी म्हणाले,
आणि या वेळी
आधी ताळा करून पाहिला.