एका वितीच्या आत

व्होरूच्या वाचनालयात, तामुला तळ्याकडच्या कपाटात,
सहाशे बारा पानांचं एक पुस्तक होतं:
तळहाताएवढ्या यंत्राची
विटेएवढी मार्गदर्शिका.
तीही फिनिश भाषेत. आम्हा एस्टोनियन माणसांना
ती अर्धी कळते,
उरलेली अर्धी कळल्यासारखी वाटते;
घोळ होतो तो त्या दुसऱ्या अर्ध्यात.

नेणारे दोघेच.
विर्वे साल्म, मधमाश्या पाळते. मुलगा बोटीवर गेला
तेव्हा यंत्र ओट्यावर ठेवून म्हणाला,
"उपयोगी पडेल तुला." कसं, ते सांगेपर्यंत
बस आली.
आणि हिल्लर ओत्स, पियानो जुळवणारा.
त्यानं यंत्र लिलावात घेतलं,
खोकं नव्हतं, कागद नव्हता, नुसतं यंत्र आणि वर एक चरा.
एकानं परत केलं की दुसरं नेई.
माझ्या टेबलापाशी दोघं
एका वेळी कधी आली नाहीत.

पान एकेचाळीस: यंत्र गोठलं तर
मागच्या भोकात टाचणी हलकेच दाबा.
समासात पेन्सिलीनं, तिरक्या अक्षरात:
"टाचणी वाकते. पियानोची तार घ्यावी, बारीकातली."
त्याखाली गोल अक्षर:
"तार कुठून आणू? पोळ्याच्या चौकटीची घेतली.
चालली."

पान एकशे सात: याद्या कशा कराव्यात.
तिनं पेट्या घातल्या: राणीचं वय, मधाचं वजन,
स्वभाव (शांत, चिडकी, सांगता येत नाही).
महिन्याभरानं तिरकं अक्षर:
"मीही केली. शाळेतला पियानो: चिडका.
डॉक्टरीणबाईंचा: सांगता येत नाही."

मी हे सगळं वाचत होते.
वाचनालयात दुसरं काय करतात?

मग पान तीनशे एकोणतीस.
छापलेलं असं:
दोन यंत्रं समोरासमोर धरा, एका वितीच्या आत.
मध्ये हात आणू नका. थांबा.
तुमचं नाव पलीकडे जाईल.
गोल अक्षर: "माझ्याकडे एकच आहे."
तिरकं: "माझ्याकडेही."
मग नुसता समास, दोन उन्हाळ्यांचा.
आणि एकदा, अगदी कडेला, कापल्या जाईल इतकं कडेला:
"गुरुवारी, चारला, खिडकीपाशी?"

ते मी खोडलं.
जिल्ह्याहून तपासणी येणार होती,
पुस्तकांत पेन्सिल चालत नाही, मी खोडरबर घेऊन बसले,
आणि पुस्तक आपणहून त्याच पानावर उघडलं.
हात चालत होता, डोळे मागून आले.
फुंकर मारली तेव्हा
चुऱ्यासोबत गुरुवार टेबलाखाली गेला.
परत लिहावं, तर अक्षर माझं.

सोमवारी विर्वे आली. पुस्तक मागितलं.
नोव्हेंबरातला तीन वाजताचा उजेड,
तळ्यावरून आडवा आत येणारा.
तिनं पान तिरकं धरलं,
पोळ्याची चौकट धरतात तसं, कडेनं, डोळ्यांच्या रेषेत.
शिसं गेलं होतं, वळ उरला होता.
मला काही म्हणाली नाही. सही केली.
पेन मात्र जरा जोरात ठेवलं.

गुरुवारी चारला बाहेर अंधार.
ती मेणाच्या वासाची, तो धुतलेल्या कॉलरचा,
मध्ये ते जाडजूड पुस्तक, उघडं, आणि दोन्ही यंत्रं
टेबलावर नाकासमोर नाक.
त्यानं वीत घातली. मोठी पडली.
तिनं आपली घातली.
थांबली दोघं.
काही जाईना, काही येईना.
त्यानं चष्मा पुसला. ती पुटपुटत वाचू लागली,
एक, दोन, तीन, चार नंबरची सूचना,
फिनिश शब्दांना आपल्या गावचा हेल देत,
पाचवीपाशी अडखळली, परत वाचली:
डोक्यावर प्रखर उजेड असेल तर
नाव वाटेत हरवतं.

बंद व्हायला अजून एक तास होता.
मी उठले
आणि त्या खिडकीवरचा दिवा मालवला.