खाड्याचा रकाना

माझं काम हजेरीचं.
जालन्याच्या रोलिंग मिलचं फाटक,
पहाटे सहाला टेबल, कार्बन, निळी शाई.
आला त्याच्यापुढं खूण,
नाही आला त्याच्यापुढं ‘खा’.
खा म्हणजे खाडा.
खाड्याला कारण विचारायची रीत नव्हती.

त्या दिवाळीत बंकटलाल शेठनं कुठूनसा
एक लांबोडका चेंडू आणला.
हनीफ बागवानानं तो हातावर तोलला,
नखानं टिचकी मारून म्हणाला, “कच्चा है.”
तेरा गडी. सहादा धरलं की चेंडू समोरच्याचा.
पुढं फेकायचा नाही, मागं द्यायचा
अन् पुढं पळायचं.
शेठ चष्मा लावून नियम वाचत होता,
आम्ही उकिडवे बसून ऐकत होतो.

खरी नवी गोष्ट कागदाच्या तळाशी होती :
सामन्याला गेलेल्या गड्याचा खाडा लीग भरील.
अडतीस रुपये. एका पाळीची मजुरी, पै जास्त नाही.
संभाजीनगरच्या क्लबातले लोक म्हणाले,
हे पैशासाठी खेळणारे.
भट्टीपुढं आम्ही पैशासाठीच उभे होतो,
तेव्हा कुणी नाव ठेवलं नव्हतं.

आठ गावं. लातूरचे डाळ मिलवाले,
भुवयांत तुरीची पिवळी भुकटी;
सेलूचे जिनिंगवाले, केसांत सरकीचा कापूस,
पळाले की मागं उडायचा.
आमच्या जर्सीवर बियाणं कंपनीचं बोंड,
धुतल्यावर तिसऱ्यांदा गेलं.
मैदानात सराटे. सामना संपला की
दोन्ही बाजूंचे गडी एकाच बांधावर बसून
एकमेकांच्या पाठीतले काटे काढायचे.

गुणांची वहीही माझ्याकडंच आली,
तेच टेबल, तीच शाई.
लातूर एकतीस, आपण दोन.
परभणी चौदा, आपण चौदा,
त्या रात्री गफूरनं सगळ्यांना चहा पाजला,
बरोबरीलाच जिंकणं समजून.

मुंजाजी ढवळे रोलवर होता.
लाल सळई सापासारखी सुटून येते,
ती सांडशीनं पकडायची अन् वळवून परत घालायची,
पाळीत हजारदा.
चेंडू पकडताना त्यानं कधी डोळे मिटले नाहीत.
“थंडाय की हे,” म्हणायचा.

सेलूच्या सामन्यात, पाचव्या धरपकडीनंतर
गफूरनं मागं दिलेला चेंडू घेऊन तो निघाला,
कापसातून वाट काढत,
रेषेपल्याड पडला, चेंडू छातीखाली,
वर तिघं.
मी वहीत तीन गुण लिहिले.
मग तो उठेना.

हासळीचं हाड. सहा आठवडे.
शेठनं कागद पुन्हा वाचला :
खेळल्या दिवसाचा.
म्हणजे अडतीस रुपये, एकदा.
बाकीचे दिवस
कुठल्याच कागदात नव्हते.

सोमवारी सहाला त्याच्या नावाशी पेन थांबलं.
मागं रांग खोकत होती.
मी खूण केली.
मंगळवारी केली. मग मोजलं नाही.

पगाराच्या दिवशी शेठचा अंगठा
ओळीओळीनं खाली सरकत आला,
ढवळ्यांवर थांबला.
“शाई वाळली का?” विचारलं त्यानं.
वाळली, म्हणालो.
पान उलटलं.

शिमग्यापर्यंत लीग चालली. आम्ही सातवे.
आठवे अंबडवाले, ते चार सामन्यांना आलेच नाहीत.
गुणांच्या वहीत कँटीनच्या अंबादासनं
भजी बांधून दिली, पानं संपेपर्यंत;
सेलूचं पान कुणाच्या वाट्याला गेलं, कळलं नाही.

हजेरीपत्रक मात्र कायद्यानं जपावं लागतं.
गोदामात आहे, वरच्या फळीवर, उंदरांच्या औषधाशेजारी.
परवा कशासाठी तरी उघडलं.
मुंजाजी अजून रात्रपाळीला उभा आहे,
हात गळ्यात बांधलेला,
अन् तरी लाल सळई पकडतोय,
बेचाळीस रात्री,
एकही खाडा नाही.