पेर

सेंट-एतियेनच्या वरच्या अंगाला,
बंद पडलेल्या कोळसाखाणीमागे
कामगारांना वाटून दिलेल्या बागा आहेत.
प्रत्येकाला एक तुकडा, एक पत्र्याची खोपी,
आणि दोघांत मिळून एक नळ.
नळावरूनच बिनसलं
काझिमीरचं आणि बेलकासेमचं,
सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात.
तेव्हापासून मधल्या जाळीवर
काझिमीरनं आयव्हीचा वेल चढवून ठेवला,
तोंड दिसायला नको म्हणून.

या वर्षी मार्च सरला तरी
ल्युसिएनच्या टॅरागॉनला कोंब नाहीत.
उकरून पाहिलं. मुळं काळी,
भिजलेल्या सुतळीसारखी. वास नाही.
ती गेली तेव्हा माणसं आली होती,
सूप घेऊन आली होती.
हे कुणाला सांगायचं?

पाकिटात बी मिळतं, पण ते रशियन,
उंच वाढतं, चवीला गवत.
खऱ्याला बी धरतच नाही.
फुललाच तर हिरवट, चोरून फुलल्यासारखा.
तो पेरता येत नाही.
पेराखाली कापावा लागतो
आणि या हातातून त्या हातात जावा लागतो.
म्हणजे जगात आहे तेवढं सगळं मिळून
एकच झाड,
खुडत खुडत इथवर आलेलं.

मे महिन्यात वाऱ्यानं वेल फाटला
आणि पलीकडून वास आला,
बडीशेपेचा, जरा मिरमिरणारा.
बेलकासेमच्या पुदिन्याशेजारी,
कमरेएवढा.
काझिमीर बघत राहिला.
म्हणजे ती देत होती.
त्याच्या पाठीमागे, जाळीखालून.
केव्हापासून कोण जाणे.

बेलकासेमनं काही विचारलं नाही.
चाकू पाटलोणीला पुसला.
चार बोटं लांबी, काप पेराच्या बरोबर खाली,
खालची पानं नखानं, ओरबाडून नव्हे.
पाच काड्या ओल्या वर्तमानपत्रात.
"वाळूत लाव. आणि उपटून बघू नकोस.
ती म्हणायची, तुला ती खोड आहे."

आता खोपीच्या सावलीत
पाच काड्यांवर पाच उपड्या बरण्या,
काचेला आतून घाम.
आज अठरावा दिवस.
दोघींनी मान टाकलीय.
तिसरीच्या बरणीपर्यंत काझिमीरचं बोट जातं,
परत येतं.

नळावर बेलकासेम विचारतो,
"काय म्हणतंय?"
"काही नाही," काझिमीर म्हणतो,
आणि आपली झारी भरल्यावरही
नळ चालूच ठेवतो.