लाल ठिपका

सोहार बंदरामागच्या दवाखान्यात
माझं काम एवढंच:
काळ्या पडद्यावर लाल ठिपका उडवायचा
आणि समोरच्याचे डोळे त्याला किती उशिरा गाठतात
ते मोजायचं.

आज क्रेनवाले. सातवे नुरुद्दीन परकार, बाणकोटचे.
हनुवटी पट्टीवर ठेवा, मान हलवू नका, मी म्हटलं.
"तुम्ही मराठी?" म्हणत त्यांनी आधी तीच हलवली.

ठिपका डावीकडे.
डोळे निघाले,
वाटेत थबकले,
उरलेलं अंतर मग चालत गेले.
उजवीकडे. तेच.
सावकाश सरकवला तर डोळे सरकेनात,
ठेचकाळत, पायरी पायरीने मागे.
अगदी कडेला नेऊन धरला
तर बुबुळं तिथे टिकेनात,
मध्याकडे घरंगळायची, झटक्याने परतायची,
दोर सैल सुटलेल्या होडीसारखी.

"गोळी कधी घेतलीत?"
"काल नाही."
मग पडद्याकडेच बघत, "परवा. दीड."

खोलीत सहा जण, तीन पाळ्या.
काचेला चंदेरी फॉइल लावलाय, तरी ऊन
फटीतून शोधत येतं,
आणि भर दुपारी कुणीतरी घरी फोन लावतं.
"डोळ्याला डोळा लागत नाही, बाई."

मी सांगितलं, झोप संपते, औषध संपत नाही.
रक्तात बसून राहतं.
हात थरथरत नाही, जीभ अडखळत नाही,
तेव्हाही बुबुळाची उडी जड झालेली असते.
तुम्हाला वाटतं, पाहिलं.
डोळा अजून वाटेत असतो.

"वाटेत म्हणजे किती?"
पापणी लवायच्या आत सरेल, एवढं.
"एवढंच ना!" ते हसले.
आणि मग हसू तसंच ठेवून म्हणाले,
"चैतात एकदा कंटेनरखाली
पिवळं हेल्मेट उशिरा दिसलं होतं.
काही झालं नाही. पोरगा चालत गेला, शीळ घालत.
गोळी त्या रात्रीपासून."

मशीनने कागद बाहेर टाकला.
इतरांच्या रेघा भिंतीसारख्या उभ्या,
यांची वाळूच्या उतारासारखी कललेली.
मी लिहिलं: दोन आठवडे खाली, जमिनीवर. मग पुन्हा तपासणी.
उंचीचा भत्ता कापला जाईल, हे दोघांनाही माहीत.

उठताना म्हणाले, "एकदा मला उडवू द्या."
मी त्यांच्या खुर्चीत बसले. त्यांनी बटण दाबलं,
आणि पडद्याकडे नाही, माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले.

"पोचलात," म्हणाले.
मी म्हटलं, सकाळचे नऊच वाजलेत अजून.